बादलीत की पाण्यात

नेरिडा ट्रेगेन्झाचे हात जगभरच्या हजारो लोकांनी पाहिलेत. तिचं तोंड मात्र त्यांतल्या एकानेही पाहिलेलं नाही. आणि गंमत अशी, की ते हात तिचे आहेत हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे समजायचे, हात तिच्या नवऱ्याचे, रॉसचे. लाल नखरंग लावलेले, खेकड्यांच्या नांग्यांचे जुने ओरखडे असलेले ते हात बघून लोक कॉमेंट लिहायचे, "काय रॉस, आज नखं नवीन रंगवलीस वाटतं?" आणि रॉस पुढच्या व्हिडिओत अगदी गंभीर आवाजात उत्तर द्यायचा, "रंगवली. तुम्हीही रंगवा. रोबो आपणहून हातात येतात."

मला हे सगळं माहीत, कारण कॅमेऱ्याचं बटण दाबायचं काम माझं. मी ग्वेन. त्यांच्या कुंपणाला लागून माझं घर. सारा जन्म बेकरीत पॅस्ट्या, म्हणजे मांस-बटाट्याच्या भल्यामोठ्या करंज्या, विकण्यात गेला, त्यामुळे माणसं वाचता येतात, पण खेळण्यांतलं मला शष्प कळत नाही. साठीच्या पुढची दोन माणसं दर शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड पसरून प्लास्टिकच्या राक्षसाचा ट्रक करतात आणि ट्रकचा राक्षस, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मनात म्हटलं, यांना मुलंबाळं नाहीत तेच बरं, असती तर लाजेनं गाव सोडून गेली असती. पुढे मीच शनिवारची वाट बघायला लागले, ती गोष्ट वेगळी.

रॉसकडे आवाज होता. उजव्या हाताची दोन बोटं मात्र नव्हती. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या आमच्या वॉलारूच्या धक्क्यावर जहाज बांधताना दोर आणि लोखंडी खुंट यांच्यामध्ये सापडून ती गेली. त्यानंतर त्याने गावातल्या फुटबॉल सामन्यांचं माईकवरून वर्णन करायला घेतलं, आणि असं केलं की आमचा संघ आपटी खात असला तरी लोक घरी जायचे नाहीत. नेरिडा मासळीच्या दुकानात खेकडे साफ करायची. निळा खेकडा उलटा धरायचा, पोटावरच्या झडपेखाली अंगठा घालायचा, पाठीचं कवच एका ओढीत काढायचं, आतली घाण बोटाने पुसायची आणि मग काडकन मधोमध दोन तुकडे. बोलता बोलता ती बादलीच्या बादली संपवायची आणि तिची नजर समोरच्या गिऱ्हाइकावर असायची. हातांकडे बघावं लागतं तो अजून शिकाऊ, असं ती म्हणायची.

सुरुवात कशी झाली तेही सांगते. चर्चच्या जुन्या सामानाच्या दुकानातून नेरिडाने रॉसच्या बहिणीच्या नातवासाठी एक मोडका रोबो आणला, कुठल्याशा सिनेमातला खलनायक. चहा पिता पिता तिने त्याला हातात घेतलं. खांदा फिरवला, गुडघा आत सारला, छाती उघडली, आणि बघता बघता त्याचं विमान झालं. मग परत राक्षस, मग परत विमान. रॉसला चेव आला. त्याने चमचा माईकसारखा धरला आणि सुरू केलं, "ट्रेगेन्झा डावीकडून आत! खांदा सोडवला! गुडघ्याला चकवलं! कोण अडवणार ट्रेगेन्झाला?" हसून हसून माझ्या नाकातून चहा आला. मी फोनवर ते टिपलं आणि रॉसने इंटरनेटवर कुठल्याशा ठिकाणी टाकलं. लोकांना ते इतकं आवडलं की त्याचं चॅनेलच झालं. नातवाला तो रोबो शेवटपर्यंत मिळाला नाही. मुलाला एक पुस्तक दिलं आणि गप्प बसवलं.

मग नियम ठरले, आणि ते सगळे नेरिडाचे. खोका कॅमेऱ्यासमोरच उघडायचा. कागदावरच्या सूचना बघायच्या नाहीत. एका दमात चित्रण करायचं, मध्ये कापाकापी नाही. झालं ते झालं, तसंच लोकांना दाखवायचं. आणि परीक्षण फक्त खलनायकांचं. का, तर ती म्हणायची, "नायकाचं खेळणं कसंही केलं तरी खपतं. खलनायकाला बिचाऱ्याला मेहनत करावी लागते."

शेवटचा निकाल द्यायची पद्धत रॉसची. आमच्याकडे उथळ पाण्यात दाताळं ओढून खेकडे काढतात. प्रत्येक खेकडा मापाच्या पट्टीला लावून बघायचा. मापात बसला तर बादलीत, लहान निघाला तर परत पाण्यात. त्यात लबाडी केली तर दंड होतो तो होतोच, शिवाय गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. रॉसने तेच माप खेळण्यांना लावलं. चांगलं असलं की म्हणायचा, "बादलीत!" भिकार असलं की, "परत पाण्यात!" खेळणी बनवणाऱ्यांकडून त्याने कधी काही घेतलं नाही, भिडेखातर कधी शब्द फिरवला नाही. न्यूझीलंडमधल्या डनेडिनचा अलास्टेर म्हणून एक जण प्रत्येक व्हिडिओखाली लिहायचा, "रॉस म्हणतो तर मी डोळे मिटून घेतो." संध्याकाळी जेवणानंतर रॉस या कॉमेंट मोठ्याने वाचायचा आणि नेरिडा विणकाम करत ऐकायची. हातांचं कौतुक आलं की फक्त म्हणायची, "हं, पुढे."

मी एकदा म्हटलं, "अगं, सांग की लोकांना, हात तुझे आहेत म्हणून. फुकटचं श्रेय हा खातोय."

"खाऊ दे," ती म्हणाली. "त्याची दोन बोटं गेली. माझी दहा त्याचीच समज."

असं बोलायची ती. लाडात येऊन नव्हे, भाजीत मीठ किती हे सांगावं तसं.

मग तो सिनेमा आला. आम्ही तिघं शेजारच्या कडीना गावच्या थिएटरात गेलो. खलनायकाचं नाव गॉर्व्हेक. काळा, गंजक्या रंगाचा, क्रेनचा ट्रक होऊ शकणारा धिप्पाड रोबो. दोन तास त्याने शहरं सपाट केली. शेवटी मार खाऊन पळताना त्याला ट्रक व्हायचं असतं आणि होता येत नाही. अर्धा ट्रक, अर्धा रोबो, तसाच अडकतो. सगळं थिएटर टाळ्या वाजवत होतं आणि माझ्या शेजारी नेरिडा हमसून रडत होती. बरं, रडली तर रडली, गप्प तरी बसावं. मोठ्याने म्हणते, "अरे, कुणीतरी मदत करा की त्याला! खांदा अडकलाय फक्त!"

पुढच्या रांगेतून शूऽऽ आलं. मी तिला कोपर मारलं. "अगं, त्याने सगळं शहर चिरडलंय."

"असू दे. अडकलाय तो."

गाडीत बसल्यावर ती आम्हाला सांगायला लागली, आधी खांदा सोडवायचा, मग क्रेन खाली घ्यायची, मग बघा कसा सरळ मिटतो. "खेळणं बाजारात येऊ दे. मी सोडवते त्याला." आणि मग खिडकीबाहेर बघत तिने विचारलं, "रॉस, आपण गाडी कुठे लावलीय रे?"

आम्ही खो खो हसलो. ती पण हसली. आमच्या पाठोपाठ, जराशी उशिरा.

त्यानंतर हसण्यासारखं फार काही राहिलं नाही. चहाची किटली फ्रिजमध्ये सापडायला लागली. ती मला कधी ग्वेन म्हणायची, कधी "अहो बाई". एकदा धक्क्यावरून घरी यायला निघाली आणि उलट्या दिशेने धान्याच्या उंच कोठारांपर्यंत चालत गेली. तिथल्या ट्रकवाल्याने आणून सोडलं. ॲडलेडच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि आम्हाला ठाऊक होतं तेच नीट शब्दांत सांगितलं. रॉसने बाकी काही विचारलं नाही. फक्त म्हणाला, "आणि हात?"

"हातांना पुष्कळदा जास्त काळ आठवतं," बाई म्हणाल्या. "सवयीचं काम असलं तर."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो असा. परत येताना वाटभर रॉस तेच घोळवत होता. घरी येऊन त्याने जुने रोबो काढले आणि तिच्यापुढे ठेवले. नेरिडाने खिडकीबाहेर बघत एकामागून एक सगळ्यांचे ट्रक, विमानं, रणगाडे केले. रॉस माझ्याकडे बघून असा हसला, जसं काही डॉक्टरीणबाईंचं बाकीचं सगळं निदान खोटं ठरलं.

"जोवर हे चालतंय तोवर ती इथेच आहे, ग्वेन," तो म्हणाला. "बाकीचं मी बघतो."

आणि बघितलं त्याने. स्वयंपाक शिकला, तिचे केस धुवायला शिकला, तिच्या ब्लाउजची बटणं आठ बोटांनी लावायला शिकला. दर शनिवारी हिरवं कापड पसरलं जायचं आणि हात चालायचे. हळूहळू जुन्यातले काही रोबो मधेच थांबायला लागले, हे मला दिसत होतं. रॉसलाही दिसत असणार. पण तो ते खेळणं हळूच उचलून घ्यायचा आणि सोपं दुसरं पुढे ठेवायचा. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? पण ते त्याला सांगणार कोण? मी तर नाही सांगितलं.

गॉर्व्हेकचा खोका वसंतात आला. पोस्टातून आणताना रॉसने तो छातीशी धरला होता. मी म्हटलं, "शहाणा असशील तर आधी एकदा कॅमेऱ्याशिवाय करून बघू दे तिला."

"नियम म्हणजे नियम."

"अरे, नियम करणारीला नियम आठवतात का आता?"

तो माझ्यावर असा भडकला की मला वाटलं, खोका फेकून मारतो. "तिला आठवत नसले तर मला आठवतात! सिनेमा बघून आल्यापासून ती याची वाट बघतेय. आणि मी तिला आधी गुपचूप पाठ करायला लावू? परीक्षेच्या पोरीसारखं?"

शनिवारी तिची नखं मी रंगवली, कारण आता तिचा हात नखाबाहेर जायचा. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "लग्न आहे का कुणाचं?"

"गॉर्व्हेक आलाय," मी म्हटलं.

"आला?" तिचा चेहरा एकदम उजळला. "अडकला होता तो."

तिला आठवलं! मला माझी लाज वाटली. वाटलं, रॉसच बरोबर होता आणि मीच मेली अपशकुनी.

मी बटण दाबलं. रॉसने सुरू केलं, जुनाच खणखणीत आवाज. खोका उघडला. खेळणं खरंच देखणं होतं, मला अडाणीलाही कळलं. वजनदार, रंग एकसारखा, पाठीवर क्रेन, आणि तिने दंड हलवला तेव्हा सांधा कर्रकर्र असा घट्ट वाजला. "ऐका ते सांधे!" रॉस म्हणाला. "असे सांधे माझे असते तर मी अजून फुटबॉल खेळलो असतो. चला, आता ट्रक करूया."

नेरिडाने खांद्याला हात घातला. खांदा सुटला. रॉसचा आवाज चढला, "खांदा सोडवला मंडळी! सिनेमात जे त्याला स्वतःला जमलं नाही ते इथे एका झटक्यात!" मग तिने क्रेन धरली. खाली घेतली. परत वर घेतली. परत खाली. मग हात थांबले.

रॉस बोलत राहिला. रंगाबद्दल बोलला, चाकांबद्दल बोलला, गॉर्व्हेकच्या भिवयांबद्दल बोलला. सामन्यात कुणी जखमी होऊन पडलं की तो असाच वेळ काढायचा. नेरिडाने खेळणं इकडून फिरवलं, तिकडून फिरवलं. ती त्याच्याकडे बघत होती. इतक्या वर्षांत मी तिला काम करताना हातांकडे बघताना पाहिलं नव्हतं. बंद करू का, असं मी रॉसला खुणेने विचारलं. त्याने मान हलवली. नको.

मग अचानक तिची नजर वर गेली, खिडकीकडे. चेहरा सैल झाला. आणि हात सुरू झाले, पूर्वीसारखे, झरझर. रॉसने सुटकेचा श्वास सोडला तो व्हिडिओत अजून ऐकू येतो.

तिने गॉर्व्हेकला उलटा केला. पोटाच्या पट्टीखाली अंगठा घातला. पाठीची क्रेन मुळापासून धरली आणि एका ओढीत उपटली. आतल्या स्प्रिंगा आणि खिळे बोटाने पुसून काढले, कापडाच्या कडेला सारले. मग दोन्ही बाजूंनी घट्ट धरून काडकन मधोमध मोडला. घट्ट प्लास्टिक होतं, पण तिच्या मनगटांपुढे काय टिकणार? दोन तुकडे तिने शेजारी शेजारी मांडले, पाय आतल्या बाजूला, दुकानात बर्फावर मांडायची तसे. आणि पुढे हात पसरून समाधानाने म्हणाली, "हं, पुढचा दे."

तिचं बोलणं व्हिडिओत नीट ऐकू येत नाही. कारण त्याच क्षणी रॉस तिच्यावरून बोलला. मोठ्याने. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि आवाजात त्याचा थेंबही नव्हता. कसं केलं त्याने ते, मला अजून कळत नाही.

"बघा मंडळी. बघा हे काय विकतात आपल्याला. हात लावला आणि क्रेन हातात आली. जरा दाबलं तर मधोमध तुटला. कुचकामी प्लास्टिक. या खेळण्यात काही दम नाही. मी ट्रेगेन्झा सांगतो, हे घेऊ नका. परत पाण्यात!"

मी बटण बंद केलं आणि मागच्या अंगणात जाऊन रडले. आत आले तर नेरिडा विचारत होती, "चांगला झाला ना रे?"

"फक्कड झाला."

"मग टाक की."

मला वाटलं, तो टाकणार नाही. पण ती खरकटी भांडी हातात घेऊन परत विचारायला आली, टाकलास का. मग विणकाम घेऊन बसली आणि परत विचारलं. तिचा नियम, आणि तोच नेमका तिला आठवत होता. न टाकावा तर तिला कळलं असतं की काहीतरी बिघडलंय, आणि काय बिघडलंय ते शोधत ती रात्रभर घरात फिरली असती. रॉसने टाकला.

मग काय, लोकांनी सालटी काढली. जगभरच्या परीक्षकांनी तोच गॉर्व्हेक आपटून, लटकवून, जिन्यावरून फेकून दाखवला. टवकासुद्धा उडाला नाही. "म्हातारा पिऊन बसला होता." "सांधे घट्ट म्हणून आधी स्वतःच वाखाणले आणि मग मुद्दाम मोडला." "दुसऱ्या कुणाचे पैसे खाल्ले असतील." आणि अलास्टेरने लिहिलं, "रॉस, तू मोडताना मी नीट पाहिलं. तू जोर लावून मोडलास. चूक झाली तर झाली म्हणायचं होतं. तू खोटं बोलशील असं मला वाटलं नव्हतं." त्याखाली दुसरं काही नाही. नंतर तो परत कधी आला नाही.

त्या संध्याकाळी मी तिथेच होते. रॉसने चष्मा लावला आणि नेरिडाला कॉमेंट वाचून दाखवायला सुरुवात केली.

"डनेडिनचा अलास्टेर म्हणतो, काय हात आहेत! असं काम कधी पाहिलं नाही."

"हं, पुढे."

"कॅनडातली एक बाई म्हणते, गॉर्व्हेकला सोडवलंत, देव तुमचं भलं करो."

"हं."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. तो मागून आल्यावर मी त्याला धरला. "पुरे झालं हे! मी लिहिते सगळ्यांना. हात तिचे आहेत, तिला आजार आहे, म्हणून असं झालं. सगळे पाय धरतील तुझे."

"आणि मग?" रॉस दबक्या आवाजात म्हणाला. "मग ते परत तो व्हिडिओ बघतील. या वेळी तिच्याकडे बघतील. च्च च्च करत. बिचारी, बिचारी म्हणत. इतकी वर्षं त्या हातांकडे कुणी कीव म्हणून पाहिलं नाही, ग्वेन. माझे आहेत तर माझेच राहू देत. थुंकू देत माझ्यावर."

"अरे, पण तुझा शब्द! तुझं माप!"

"माप लावूनच सांगितलं," तो म्हणाला. "मला काय टाकायचं आणि काय ठेवायचं, ते बघितलं. माझं नाव टाकलं, तिचे हात ठेवले."

ज्याचं जळतं त्याला कळतं. मी त्यानंतर तोंड उघडलं नाही, आणि माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल ते तुम्हाला आतापर्यंत कळलं असेलच. बेकरीत एक पोरगा मोबाईल दाखवून हसला, "हा तुमच्या शेजारचा ना, खोटारडा रॉस?" मी त्याची पॅस्टी परत काऊंटरच्या आत घेतली आणि त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. तिथे आता मी नोकरीलाही नव्हते, सहज गेले होते.

चॅनेल बंद झालं. हिरवं कापड मात्र दर शनिवारी पसरलं जायचं, कारण नेरिडाला टेबल उघडं दिसलं की ती कावरीबावरी व्हायची. रोबो आता तिच्या हातात नुसते बसून राहायचे. म्हणून रॉसने एक दिवस टीव्हीवर जुने व्हिडिओ लावायला सुरुवात केली. स्वतःच्याच हातांकडे ती कौतुकाने बघायची. "कोण आहे गं ही? काय सफाई आहे!" असं मला विचारायची. आम्ही सांगायचो, "वॉलारूचीच आहे." तिला अभिमान वाटायचा.

त्या दिवशी एक व्हिडिओ संपला आणि आपोआप दुसरा सुरू झाला. मी चहा ओतत होते. रॉसचा खणखणीत आवाज ऐकला, "ऐका ते सांधे!" आणि मला कळलं कुठला लागलाय तो. रॉस बंद करायला उठला.

"थांब," नेरिडा म्हणाली. "बघू दे."

तो उभ्याचा उभा राहिला. पडद्यावर क्रेन खाली गेली, वर गेली, हात थांबले. नेरिडा पुढे सरकून बसली.

"अडलं तिचं," ती म्हणाली. "अरे, कुणीतरी मदत करा की तिला."

पडद्यावर काडकन आवाज झाला. मग रॉस सांगायला लागला, कुचकामी प्लास्टिक, काही दम नाही. नेरिडाच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हा माणूस खोटं बोलतोय. खेळणं चांगलं होतं. बाईचं चुकलं, आणि हा नुसता बोलत सुटलाय. कोण रे हा?"

"नवरा असेल तिचा," रॉस म्हणाला.

"मग हात नको का धरायला? बडबड काय कामाची?"

रॉसचा चेहरा माझ्याच्याने बघवला नाही. त्याने तिची समजूत घातली नाही, स्वतःची बाजू मांडली नाही. रिमोट घेतला, व्हिडिओ मागे नेला आणि आवाज पूर्ण बंद केला. मग तिच्या शेजारी कोचावर बसला आणि आपल्या तीन बोटांच्या हातात तिचा हात घेतला.

आता पडद्यावर नुसते हात होते. लाल नखांचे, ओरखड्यांचे. उलटा केला, अंगठा घातला, एका ओढीत कवच काढलं, बोटाने पुसलं. नेरिडाचा अंगठा रॉसच्या तळव्यावर हलत होता, अगदी त्याच वेळी, तसाच. मोडताना तिचं मनगट वळलं. पडद्यावरच्या बाईने दोन तुकडे नीट मांडले, पाय आत.

नेरिडा मागे टेकली. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर ते दुकानातलं समाधान आलं होतं.

"बघ," ती शेजारच्या माणसाला म्हणाली, "आवाज नसला की किती छान साफ करते. मांस जरासुद्धा फुटलं नाही."

रॉसने मान हलवली. गावभर गाजलेला त्याचा आवाज, पण एक शब्द फुटला नाही. तिने जरा वाट बघितली, आणि मग तो काही म्हणत नाही असं बघून तिनेच सांगून टाकलं.

"बादलीत."